झोल्पिडेम: झोप लागते हो, पण रेटिंग सकाळी उठून द्या

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचं नाहीये ते सुटतील. झोल्पिडेम ५ एमजी, डॉक्टरांनी लिहून दिलेली, थोड्या आठवड्यांपुरती. झोप लागण्यासाठी पाचपैकी साडेचार. झोप टिकण्यासाठी तीन. दुसऱ्या दिवशीसाठी साडेतीन, तेही डोस कमी होता म्हणून. बंद करतानाच्या अनुभवाला अडीच. सगळं मिळून साडेतीन म्हणा.

आता सविस्तर. या गोळीचे जे रिव्ह्यू दिसतात ना ते बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर अडकलेले असतात, "अर्ध्या तासात आउट, जबरदस्त, पाच स्टार". अहो झोपेची गोळी आहे ती, झोपवणारच, त्यात कौतुक कसलं! आणि दुसरं म्हणजे ही गोळी आठवणीवर पण काम करते (ते पुढे सांगते), त्यामुळे रात्र कशी गेली याची साक्ष गोळी घेणाऱ्यानेच देणं म्हणजे जरा गंमतच आहे. माझ्या मते हिला मार्क द्यायचे ते तीन गोष्टींवरून, सकाळी उठल्यावर डोकं किती ठिकाणावर होतं, त्या दिवशी तुम्ही गाडी चालवायच्या लायकीचे होतात का, आणि शेवटी गोळी सोडताना तिने किती छळलं. बाकी सगळं जाहिरातीतलं.

मला ही मिळाली तेव्हा परिस्थिती अशी होती की अंथरुणाला पाठ लागली की डोकं टक्क जागं. दिवसभर पेंग, संध्याकाळी डोळे जड, आणि दिवा मालवला की जगातले सगळे विचार रांग लावून हजर. तीन महिन्यांच्या वर आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं चाललं, शिवाय दिवसा त्याचा त्रास होतोय, तर त्याला डॉक्टर जुनाट निद्रानाश म्हणतात, चार दिवस झोप उडाली तर ते वेगळं. डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी बरेच प्रश्न विचारले, घोरता का, मूड कसा असतो, जगायचा कंटाळा आल्यासारखे विचार येतात का, रात्री दारू घेता का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, दिवस राहण्याची शक्यता आहे का. तेव्हा वाटलं की झोप येत नाही एवढंच तर सांगायला आलेय, ही काय उलटतपासणी. नंतर कळलं की यातला प्रत्येक प्रश्न गोळीसाठीच होता. उदास माणसाची उदासी या गोळ्यांनी वाढू शकते, आणि असे विचार मनात असलेल्या माणसाच्या हातात गोळ्यांचं अख्खं पाकीट देणं हा वेगळाच धोका. म्हणून हे प्रश्न न विचारता कुणी झोपेची गोळी लिहून देत असेल तर आपणहून सांगायचं सगळं, लाजायचं नाही.

आता प्रत्यक्ष प्रॉडक्ट. गोळी छोटीशी, गिळायला सोपी, चव म्हणाल तर विशेष काही नाही. ही झेड गटातली, म्हणजे झोल्पिडेम, झालेप्लॉन, एसझोपिक्लोन अशा झोपेच्या गोळ्यांच्या घराण्यातली. जुन्या बेन्झोडायझेपिन गोळ्या (डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे मंडळी) मेंदूतल्या ज्या गाबा नावाच्या ब्रेकवर काम करतात त्याच ब्रेकवर ही पण पाय ठेवते, फक्त त्यातल्या झोपेशी संबंध असलेल्या भागावर जास्त. त्यामुळे "ही बेन्झो नाहीये, अगदी सेफ आहे" असं जे म्हणतात ते अर्धंच खरं, सवय हिची पण लागते. अमेरिकेत १९९२ मध्ये हिला मंजुरी मिळाली, म्हणजे नवीन म्हणावी अशी पण नाही. शरीरातून निम्मी बाहेर पडायला साधारण अडीच तास लागतात. सगळी गंमत या अडीच तासांत आहे, ते थोडं लक्षात ठेवा.

घेतल्यावर काय होतं ते सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. पहिली पंधरावीस मिनिटं काहीच नाही, अगदी काहीच नाही, म्हणून माणूस उठतो, म्हणतो जाऊ दे तोपर्यंत कपडे घडी करून ठेवू. इथेच गडबड. मग एकदम डोळ्यांसमोरची अक्षरं हलकेच सरकायला लागतात, वाचत असलेली ओळ परत परत वाचली जाते, खोलीचे कोपरे जरा मऊ झाल्यासारखे वाटतात, आणि एक बेफिकिरी येते, की काय घाई आहे, बसू की अजून थोडं. ही बेफिकिरी झोपेची नाही, गोळीची आहे. झोप यायच्या आधी तोल जातो आणि अक्कल पण जाते, या क्रमाने. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं की दात घासून, दारं बघून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, बाथरूमला जाऊन आल्यावर, पलंगावर बसूनच गोळी घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. "एवढं एक काम उरकते" वाल्यांनी ही गोळी घेऊच नये असं माझं प्रामाणिक मत झालंय.

आठवणीचं आता. एका सकाळी नवरा म्हणाला, "अगं ते निळं पाकीट खालच्या ड्रॉवरमध्ये नव्हतंच, तू रात्री सांगितलंस तिथे." मी म्हटलं मी कधी सांगितलं? तर म्हणे रात्री लाईट बंद केल्यावर त्याने विचारलं होतं आणि मी चांगलं दोन मिनिटं त्याच्याशी बोलले होते, डावीकडे की उजवीकडे ते पण सांगितलं होतं, मधे हसले पण होते. माझ्या डोक्यात त्यातलं एक अक्षर नाही. कोरी पाटी. नवऱ्याला मजा वाटली, मला अजिबात नाही वाटली. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल, "पलंगावरून उतरला होतात का?" नव्हते उतरले. म्हणाले की गोळी घेतल्यानंतरचं आणि झोप लागायच्या आधीचं आठवत नाही असं होतं या गोळीने, पण झोपेत उठून चालणं, काही शिजवायला जाणं, फोन करणं, गाडी काढणं यातलं एकदा जरी झालं असतं तर ही गोळी त्या दिवसापासून कायमची बंद, तुमच्यासाठी हा पर्यायच संपला.

हे ते उगाच घाबरवायला म्हणत नव्हते. अमेरिकेच्या एफडीएने (तिकडची औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये झोल्पिडेम, एसझोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्हींवर सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग टाकली ती याच कारणाने. त्यांच्याकडे अशा ६६ केसेस जमल्या होत्या ज्यात लोकांनी झोपेत काहीतरी केलं आणि गंभीर दुखापत झाली, त्यातले २० जण गेले. एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांनी घेतलेल्या गोळीसाठी आकडा छोटा वाटेल, मान्य, पण यात डेंजर भाग असा की काही जणांना हे पहिल्याच गोळीला झालं, कमी डोसला पण झालं, आणि आधी कधीच झोपेत चालण्याची सवय नसलेल्यांना पण झालं. म्हणजे "मला काही होत नाही, मी नेहमी घेतो" याला काही अर्थ नाही. पहिल्या काही रात्री घरात दुसरं कुणीतरी असावं आणि त्याला माहीत असावं की तुम्ही गोळी घेतलीय, एवढं तरी करा. आमच्याकडे गाडीची किल्ली नवऱ्याच्या बॅगेत जायची रात्री, उगाच कशाला विषाची परीक्षा.

आता सकाळ. मला ५ एमजी का दिली आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्याच्या डॉक्टरांनी १० का दिली हे मला आधी कळेना, वाटलं माझं दुखणं हलकं समजतायत. तर त्यामागे चांगलं कारण निघालं. बायकांच्या शरीरातून हे औषध पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडतं. १० एमजी घेऊन आठ तास झाल्यावर पण साधारण १५ टक्के बायकांच्या रक्तात ते इतकं शिल्लक सापडलं की गाडी चालवणं धोक्याचं ठरावं, पुरुषांत हेच ३ टक्के. म्हणून २०१३ च्या जानेवारीत एफडीएने बायकांसाठीचा डोस सरळ निम्मा केला, १० चा ५, आणि हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा साडेबाराचा सव्वासहा. पुरुषांना पण कमीपासून सुरू करायचा विचार करा असं डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे १९९२ ते २०१३, वीस वर्षांहून जास्त काळ बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेत होत्या!! यावर मी वेगळं काही बोलत नाही, बोलले तर रिव्ह्यू बाजूला राहील.

यातला कळीचा मुद्दा असा की त्या सकाळी माणसाला स्वतःला एकदम फ्रेश वाटत असतं. डोकं जड असेल तर माणूस आपणहून जपून वागतो, पण फ्रेश वाटतंय आणि ब्रेक मात्र अर्धा सेकंद उशिरा लागतोय हे कसं कळणार? म्हणून वाटण्यावर जायचं नाही, घड्याळावर जायचं. गोळी घेतल्यापासून उठेपर्यंत सात ते आठ तास सलग मिळणार असतील तरच घ्यायची. पहाटेची गाडी पकडायचीय, लहान बाळासाठी उठायचंय, रात्री कुणाला आणायला जायचंय, त्या रात्री गोळीला सुट्टी. आणि ती जी हळूहळू सुटणारी गोळी येते ती घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी गाडी चालवूच नका असं एफडीएचं स्पष्ट म्हणणं आहे. ती तोडायची, चावायची, कुटायची पण नाही, तोडली की हळूहळू सुटायचा प्रकारच संपतो आणि सगळं औषध एकदम अंगात जातं.

रात्री तीनला जाग आली म्हणून तेव्हा घेतली तर? नाही. साधी गोळी नाही. मध्यरात्रीसाठी म्हणून एकदम कमी डोसची, जिभेखाली ठेवायची वेगळी गोळी आहे आणि तिला सुद्धा उठायला चार तास बाकी असावे लागतात. पावणेचारला "अर्धी घेते" म्हणून साधी गोळी अर्धी करणारे भरपूर आहेत, त्यांनी सकाळी कृपया चालत जावं. आणि "एक घेतली, काही झालं नाही, म्हणून अजून एक" हा तर सगळ्यात वाईट प्रकार, एका रात्री एकच आणि ती पण एकदाच, विषय संपला. काही झालं नाही याचं एक साधं कारण पोटभर जेवण असतं, भरल्या पोटी घेतली तर गोळी उशिरा चढते. जेवण आणि गोळी यात अंतर ठेवलं की हा प्रश्न बराचसा मिटतो.

बरं, माझी चालू असताना नवऱ्याने एकदा मागितली. "एक दे ना, उद्या प्रेझेंटेशन आहे, झोप येत नाहीये." दिली नाही. एकतर हा माणूस असा घोरतो की मधेच आवाज बंद होतो, मी वाट बघत राहते, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास घेऊन गाडी परत सुरू. हे स्लीप ॲप्नियाचं लक्षण असू शकतं, यात झोपेत श्वास थांबतो आणि मेंदू दचकून जागा करतो म्हणून माणूस वाचतो. त्या मेंदूलाच गुंगी दिली तर जागं कोण करणार? रुसला, पण नंतर तपासायला गेला, आणि आता रात्री मास्क लावून झोपतो, हवेचं मशीन. त्यामुळे मला पण शांतता मिळाली, हा साईड बेनिफिट. सांगायचा मुद्दा काय, की शेजारणीला लागू पडलेली, बहिणीने पाठवलेली, सासऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये उरलेली अशी झोपेची गोळी घ्यायची नसते. "झोपेची गोळी" या एका नावाखाली फार वेगवेगळी औषधं फिरतात. झालेप्लॉन तासाभरात निम्मी होते, झोल्पिडेम अडीच तासांत, एसझोपिक्लोनला साधारण सहा तास, अल्प्राझोलामला अकराच्या आसपास, आणि क्लोनाझेपाम तर तीसचाळीस तास रेंगाळते, म्हणजे आज रात्रीची गोळी उद्या रात्री पण अंगात आहेच आणि त्यावर तुम्ही दुसरी टाकताय. कुणी म्हणालं "मी क्लोनाझेपाम घेते, सकाळी जरा सुस्ती असते पण चालतं", तर ती सुस्ती म्हणजे औषधच आहे, अजून गेलेलं नाही.

दारूबद्दल लांबण लावत नाही. दारू घेतलीय त्या रात्री गोळी नाही, एक पेग झाला तरी नाही. दोन्ही एकाच ब्रेकवर पाय देतात आणि त्या दोघांचं मिळून काय होईल याचा हिशोब कुणी मांडू शकत नाही. तसंच अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या, ट्रामाडोल, मॉर्फिन, कोडीनवालं खोकल्याचं औषध, यांच्याबरोबर बेन्झो किंवा झेड गोळी घेतली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो, २०१६ मध्ये एफडीएने याच्यावर पण चौकटीतली वॉर्निंग आणली. सर्दीच्या ज्या गोळीने पेंग येते ती पण यात भर घालते. आणि एक जे कुणाच्या लक्षात येत नाही ते म्हणजे काही फंगल इन्फेक्शनच्या गोळ्या, कीटोकोनाझोल वगैरे, या लिव्हरमधलं तेच मशीन अडवतात जे झोल्पिडेम मोडतं, मग ५ एमजीची गोळी ५ सारखी वागत नाही. स्किनच्या डॉक्टरकडे गेलात तर "रात्री झोपेची गोळी घेते" एवढं वाक्य बोला, त्यांना कसं कळणार नाहीतर.

घरात म्हातारं माणूस असेल तर हा पॅरा नीट वाचा. माझ्या आईला पण झोप येत नाही आणि माझं पाकीट बघून तिचे डोळे चमकले होते. तिला डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांची जी बिअर्स यादी आहे, कुठली औषधं म्हातारपणी टाळावीत याची, त्यात बेन्झो आणि झेड दोन्ही गट आहेत. कारण सोपं आहे, रात्री दोनला बाथरूमला उठायचं, अंगात गोळी, पायात तोल नाही, आणि पडलं की खुब्याचं हाड. वर डोक्याचा गोंधळ होतो तो वेगळा, आणि घरचे म्हणतात वय झालं, विसरायला लागली. वय नाही हो झालेलं, रात्रीची गोळी आहे ती! कुणी अचानक घोळ घालायला लागलं तर आधी त्यांच्या गोळ्यांचा डबा बघा. आणि दुकानात सहज मिळणारी ॲलर्जीची पेंग आणणारी गोळी त्यांना झोपेसाठी द्यायची नाही, ती पण त्याच यादीत आहे.

गोळी खरंच किती काम करते? २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये झेड गोळ्यांच्या १३ ट्रायल्सचा एकत्र हिशोब आला होता, एफडीएकडे जमा झालेला डेटा घेऊन केलेला, म्हणजे कंपन्यांनी छापलेलं आणि न छापलेलं दोन्ही. झोपेच्या मशीनवर मोजलं तर नकली गोळीपेक्षा (तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली) ही गोळी सरासरी २२ मिनिटं आधी झोप आणते. बावीस मिनिटं. ज्याने रात्ररात्र छत बघितलंय त्याला बावीस मिनिटं पण सोन्यासारखी आहेत, मी नाही म्हणत नाही, पण "गोळीशिवाय झोपच नाही" असं जे आपण धरून बसतो त्यात गोळीचा वाटा एवढाच आहे, आणि नकली गोळीने पण लोक बऱ्यापैकी झोपले होते हे विसरू नका. म्हणून झोप लागण्याचे साडेचार दिलेत ते माझ्या अनुभवाचे, अर्धा त्यातला भरवशाचा असेल, गोळी घेतलीय आता येईलच झोप हा.

याच कारणाने २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी सांगितलीच नाही, सीबीटी-आय सांगितली, म्हणजे झोपेसाठीची वागणुकीची थेरपी. मला गोळीबरोबर तीच चालू केली होती आणि खरं काम तिने केलं. नावावरून वाटतं की कोचावर झोपवून बालपण विचारतील, तसं काही नाही, उलट चांगली कडक असते. झोप येत असेल तेव्हाच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत, पलंगावर बसून फोन नाही टीव्ही नाही चिंता नाही, सकाळी रोज एकाच वेळी उठायचं रात्र कशीही गेलेली असो. आणि सगळ्यात जीवघेणा भाग म्हणजे पलंगावरचा वेळच कापायचा, जेवढे तास खरंच झोपता साधारण तेवढेच तास पलंगावर (पण पाचाच्या खाली नाही नेत). पहिले काही दिवस दिवसा इतकी पेंग येते की बोलू नका, तेव्हा पण गाडी जपून, आणि ज्यांना फिट येतात किंवा बायपोलर आहे त्यांनी हे मनाने करायचंच नाही. गंमत अशी की गोळी आणि हे दोन्ही एकमेकांच्या पायात येतात, गोळी घेतली तर वीस मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत जायचं कसं, तोल गेलेला असताना? डॉक्टरांनी म्हणून गोळीच्या रात्री आणि थेरपीच्या रात्री वेगळ्या करून दिल्या होत्या आणि गोळीच्या हळूहळू कमी होत गेल्या.

बंद करण्याला अडीच मार्क का ते आता. गोळी थांबली की पहिल्या एकदोन रात्री झोप आधीपेक्षा पण वाईट होते. याला उलटून आलेला निद्रानाश म्हणतात आणि इथेच शंभरातले कितीतरी जण फसत असतील, कारण माणूस म्हणतो बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही, आणि परत चालू. तो तुमचा जुना आजार नसतो, गोळीचा जाताजाता मारलेला फटका असतो आणि तो काही रात्रींत ओसरतो. हे आधी माहीत असलं की तळमळत पडल्यावर पण धीर राहतो. ब्रिटनमध्ये ही गोळी जास्तीत जास्त चार आठवडे अशीच मंजूर आहे आणि त्यात कमी करत आणायचे दिवस पण धरलेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यायचं, बंद कधी आणि कशी. माझ्या चिठ्ठीवर सुरू करायच्या तारखेच्या बाजूलाच संपवायची तारीख लिहिलेली होती, मला ते फार आवडलं.

पण जे महिनोन्महिने, वर्षानुवर्षं घेतायत, विशेषतः बेन्झो, त्यांनी हे वाचून आज रात्री गोळी कचऱ्यात टाकायची नाही, प्लीज. शरीराला सवय झालेली असते, एकदम बंद केलं तर हात कापणं, घाम, घालमेल आणि थेट फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं. २०२० मध्ये बेन्झोंवरची वॉर्निंग एफडीएने वाढवली त्यात हे स्पष्ट आहे. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात, दर दोन आठवड्यांनी पाव भाग कमी असा एक प्रकार, शेवटाकडे आणखी सावकाश, आणि मधे त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबायचं. महिने लागले तर लागू देत.

एसझोपिक्लोन पण घेतली होती मी थोड्या रात्री, पहाटे जाग येते म्हणून बदलून दिली होती. झोप जास्त टिकली, हे कबूल, पण तोंडाला जी चव येते ना, कडू आणि धातूसारखी, नाणं चघळल्यासारखी, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पाणी पण कडू लागतं. दात घासा, गुळण्या करा, काही उपयोग नाही, कारण ते औषध लाळेतून येतं. हिचा सुरुवातीचा डोस पण २०१४ मध्ये कमी करून १ एमजीवर आणलाय, सकाळच्या सुस्तीमुळेच. मी तीन मार्क देईन, एक चवीचा कापला. मेलाटोनिन हा वेगळाच प्राणी, झोपेची वेळ पुढेमागे झाली असेल, विमानप्रवास वगैरे, तर त्याचा उपयोग जास्त, पाठीवर मारून झोपवणारी ती गोळी नाहीच त्यामुळे तिला "काही होत नाही" म्हणून एक स्टार देणाऱ्यांचं चुकतंय. नवीन एक गट आलाय, मेंदूतलं जागं ठेवणारं ओरेक्सिन अडवणारा, सुव्होरेक्सँट २०१४ मध्ये आली, डॅरिडोरेक्सँट २०२२ मध्ये. ती गाबाचा ब्रेक दाबत नाहीत, पण दुसऱ्या दिवशीची पेंग त्यांच्यात पण असते आणि चिठ्ठी त्यांना पण लागतेच.

पॅकिंगबद्दल तक्रार आहे. आतला कागद इतक्या बारीक अक्षरात की ज्या वयाच्या लोकांना ही गोळी सगळ्यात धोक्याची त्यांना तो वाचताच येणार नाही. माझ्याकडची स्ट्रिप ब्लड प्रेशरच्या स्ट्रिपसारखीच दिसायची, तोच रुपेरी रंग, तोच आकार, म्हणून मी तिला मार्करने जाड काळी रेघ मारून वेगळ्या, कुलूपाच्या खणात ठेवली होती, उशाशी कधीच नाही. उशाशी ठेवली की अर्धवट झोपेत हात जातो आणि आधी घेतली होती का हे आठवत नाही. पोरं घरात असतील तर मग प्रश्नच नाही. उरलेल्या पाच गोळ्या "असू देत, कधीतरी लागतील" म्हणून ठेवायचा मोह झाला होता, तेव्हा डॉक्टरकडच्या शेवटच्या फेरीला बरोबर घेऊन गेले आणि तिथेच देऊन आले.